रोज २०० केगल करूनही लघवी का निसटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ४६, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. गेली तीन-चार वर्षं खोकला, शिंक, जोरात हसणं किंवा उडी मारणं यात लघवीचे थेंब निसटतात. अलीकडे आणखी एक भर पडली आहे. बाहेरून येऊन दाराच्या कुलपात किल्ली घातली की अशी कळ येते की बाथरूम गाठेपर्यंत धीर निघत नाही. व्हिडिओ बघून दोन महिने रोज २०० केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, केलेत, फरक काहीच नाही. ‘हे व्यायाम माझ्यासाठी नाहीतच, सरळ ऑपरेशन करून टाकू का?’ असं तुम्ही विचारलं आहे.

ऑपरेशनचा विषय सध्या बाजूला ठेवू. वीस वर्षांपासून मी याच त्रासावरची फिजिओथेरपी करते आणि तुमचं वाचताना मला खटकला तो २०० हा आकडा. दमवणारं वजन हाताने २०० वेळा उचलता येत नाही. उचलता आलं, तर ते वजनच नव्हतं असं समजायचं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही इतर स्नायूंसारखेच आहेत. ते नीट, पूर्ण ताकदीने आवळले तर सुरुवातीला दहाव्या वेळेच्या आतच दमतात. त्यामुळे तुमचे २०० एकतर फार वरवरचे होत असावेत, नाहीतर काम दुसरेच स्नायू करत असावेत.

मागे एक बाई आल्या होत्या. सहा महिने एकही दिवस न चुकवता व्यायाम करणाऱ्या. तपासताना मी म्हटलं, “आता आवळा.” त्यांनी खोल श्वास घेतला, तो कोंडला, चेहरा लाल झाला, मांड्या एकमेकींना घट्ट चिकटल्या, पोट फुगून वर आलं आणि योनीत असलेलं माझं बोट बाहेर ढकललं गेलं. “जमलं ना?” त्यांनी विचारलं. जोर भरपूर लागला होता, दिशा उलटी होती. सहा महिने त्या रोज कुंथण्याचा सराव करत होत्या. मी ते सांगितल्यावर त्या आधी हसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांची चूक मुळीच दुर्मीळ नाही. १९९१ साली अमेरिकेत ४७ जणींना तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितला आणि यंत्राने मोजून पाहिलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. एक चतुर्थांश जणी जे करत होत्या, त्याने लघवी निसटणं उलट वाढण्याची शक्यता होती. गंमत अशी की ज्या अर्नोल्ड केगल यांच्या नावाने आपण हा व्यायाम ओळखतो, त्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये तो मांडला तेव्हा बरोबर एक दाबमापकही दिला होता. योनीत ठेवलेल्या त्या साधनाच्या काट्यावर बाईला स्वतःलाच दिसायचं, आकुंचन होतंय की नाही. पुढे व्यायामाचं नाव सगळीकडे पसरलं आणि पडताळून पाहण्याचा भाग मागे पडला.

आता आत काय आहे ते बघू, म्हणजे दिशा कळेल. पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड, आणि या दोहोंच्या मध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तिच्यातून तीन वाटा बाहेर पडतात : लघवीची, योनीची आणि शौचाची. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग या झोळीवर टेकलेले असतात. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावरही पडतो. झोळी घट्ट असेल तर लघवी बाहेर नेणारी मूत्रनलिका तिच्यावर दाबली जाऊन बंद होते. फरशीवर पडलेल्या पाण्याच्या नळीवर पाय दिला की पाणी थांबतं. तीच नळी चिखलात असेल तर पायाखाली रुतते आणि पाणी वाहत राहतं. बाळंतपणात ही झोळी खूप ताणली जाते, कधी तिचे धागे हाडापासून सुटतातही. तुमची झोळी थोडी चिखलासारखी झाली आहे आणि तिची फरशी करायची आहे, एवढाच या व्यायामाचा अर्थ.

म्हणून ‘आवळा’ हा शब्द मला अपुरा वाटतो. मी ‘आत घ्या आणि वर उचला’ असं सांगते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पाय टेकवा. चारचौघांत बसलोय आणि पोटातला वारा सुटू द्यायचा नाही, असं समजून गुदद्वार हलकेच आवळा. ते आवळलेलं तसंच ठेवून तोच ताण पुढे, लघवीच्या जागेपर्यंत आणा. मग सगळं मिळून छातीच्या दिशेने वर ओढा. गुदद्वारापासून सुरुवात केली की बहुतेकींना जागा पटकन सापडते. नुसतं ‘लघवी रोखल्यासारखं करा’ म्हटलं की पोट आवळलं जातं. नितंब उचलले जात असतील, मांड्या जवळ येत असतील, तर जोर निम्म्यावर आणा. बेंबीखालचं पोट किंचित आत गेलं तर चालेल, बाहेर फुगलेलं अजिबात चालणार नाही. श्वासाची परीक्षा सोपी आहे : आकडे मोठ्याने मोजा. बोलता येत असेल तर श्वास कोंडलेला नाही.

हे खरंच होतंय का, ते तुम्ही स्वतः तपासू शकता आणि तपासायलाच हवं. योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर बोटाचं टोक ठेवा. आत ओढल्यावर ती जागा बोटापासून दूर, वर गेली पाहिजे. बोटावर टेकून खाली आली, तर तुम्ही कुंथताय. हातआरसा धरून पाहिलंत तर गुदद्वार आक्रसून आत जाताना दिसेल आणि मधली जागा उचलली जाईल. हात स्वच्छ धुऊन योनीत एक बोट सरकवलं तर ते चहूबाजूंनी धरलं जाऊन आत ओढल्यासारखं वाटायला हवं. पुष्कळ जणींना स्वतःच्याच शरीराला असा हात लावायचा संकोच वाटतो. पण आरशात पाहिलेली दोन मिनिटं दोन महिन्यांच्या आंधळ्या सरावापेक्षा जास्त शिकवून जातात, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. लघवी करताना मध्येच धार थांबवून बघायची युक्ती मात्र व्यायाम म्हणून वापरू नका. लघवी होताना मूत्राशय आवळायचं आणि झोळी सैल सोडायची असा मेंदूचा ठरलेला हिशेब असतो. रोज त्यात खोडा घातला तर लघवीची पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय लागू शकते.

आता सोडण्याबद्दल. आवळण्याइतकंच सोडणंही पूर्ण व्हायला हवं आणि व्हिडिओंमध्ये ते ऐकायलाच मिळत नाही. सोडल्यावर झोळी खाली येताना जाणवली पाहिजे. ती अर्ध्यावरच राहिली आणि वरून पुढचं आकुंचन सुरू केलं, तर स्नायू दिवसभर आखडलेला राहतो. आखडलेला स्नायू म्हणजे मजबूत स्नायू नव्हे. काही जणींचा मूळ त्रासच हा असतो. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला जोर करावा लागतो, माकडहाडाशी ठणका लागतो आणि तरीही लघवी निसटते. अशा बाईने केगलचा मारा केला तर त्रास वाढतो. तिला आधी सैल सोडायला शिकावं लागतं : पोटात खोल श्वास, गुडघे छातीशी घेऊन पडून राहणं, आणि गरज असेल तर फिजिओथेरपिस्टने हाताने स्नायू मोकळा करणं. तुमच्या वर्णनात दुखण्याचा उल्लेख नाही, पण यातलं काही होत असेल तर आवळण्याचे व्यायाम थांबवा आणि आधी तपासून घ्या.

किती करायचे? आधी तुमचा स्वतःचा आकडा काढा. पूर्ण ताकदीने उचला आणि धरून ठेवा. चौथ्या सेकंदाला निसटायला लागलं, तर तुमचा आकडा ४. मग दुप्पट वेळ, म्हणजे ८ सेकंद, पूर्ण सैल सोडा आणि पुन्हा धरा. पाचव्या वेळी पकड ढिली पडत असेल तर सध्या ५ वेळाच. सहावा ओढूनताणून करायचा नाही, कारण त्यात पोट आणि मांड्या मदतीला धावून येतात. असे दिवसातून तीनदा. दर आठवड्याला एखादा सेकंद किंवा एखादी वेळ वाढवत १० सेकंद आणि १० वेळांपर्यंत जायचं. धरून ठेवण्याचे झाले की थोडं थांबून ८-१० झटपट आकुंचनं करा, एका सेकंदात उचला आणि लगेच सोडा. या झोळीत दोन प्रकारचे तंतू असतात. बहुतेक तंतू संथ, दिवसभर भार पेलणारे. उरलेले चपळ, शिंकेच्या क्षणी धावून येणारे. सरावही दोघांना वेगवेगळा लागतो. झोपून जमलं की बसून, बसून जमलं की उभं राहून करा. लघवी उभ्यानेच निसटते, त्यामुळे कायम गादीवरच सराव केला तर उपयोग अर्धाच होतो.

हिशेबाला धरलं तर दिवसाला जास्तीत जास्त ५०-६० आकुंचनं होतात, २०० नाहीत. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्य मार्गदर्शन संस्थेची शिफारस तर एका वेळी किमान ८, दिवसातून ३ वेळा आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किमान ३ महिने, अशी आहे. तीन महिने उगीच म्हटलेले नाहीत. पहिले काही आठवडे स्नायू वाढतच नाही. मेंदू फक्त त्याला हाक मारायला शिकतो. स्नायू भरायला त्यानंतर सुरुवात होते. म्हणजे तुमचा व्यायाम अगदी बरोबर असता, तरी दोन महिन्यांत निकाल लावणं घाईचंच झालं असतं.

एक गोष्ट मात्र आठवडाभरातही फरक दाखवू शकते. ताकद आहे तेवढीच, फक्त ती वेळेवर वापरायची. शिंक येणार हे आपल्याला क्षणभर आधी कळतं. त्या क्षणी झोळी वर उचला, शिंक होऊ द्या, मग सोडा. खोकताना तसंच, जड वस्तू उचलताना तसंच, खुर्चीतून उठताना तसंच. सुरुवातीला मुद्दाम सराव करावा लागतो : उचला, हलकासा खोका, सोडा; असं दिवसातून पाच-सात वेळा. काही आठवड्यांनी ते आपोआप व्हायला लागतं. एका बाईंनी मला सांगितलं होतं, “मला आता शिंकेच्या आधी खालून सिग्नल येतो.” इतकं नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

किल्ली घातल्यावर येणारी कळ हे प्रकरण वेगळं आहे. खोकल्याच्या वेळी झोळी कमी पडते. इथे मूत्राशयाचा स्नायू वेळेआधीच आवळायला लागतो. किल्ली, दार, वाहत्या पाण्याचा आवाज यांच्याशी त्याची सांगड बसलेली असते. तुम्हाला दोन्ही त्रास आहेत, म्हणजे मिश्र प्रकार, आणि तो अगदी नेहमी दिसतो. कळ आली की पळत सुटायचं नाही, कारण पळताना दाबही वाढतो आणि मूत्राशयाला शिकवणही मिळते की हाक मारली की बाई धावते. आहात तिथेच थांबा, शक्य असेल तर टेका. पाच-सहा झटपट आकुंचनं करा. झोळी आवळली की मूत्राशयाला शांत राहण्याचा उलटा निरोप जातो, ही शरीराचीच सोय आहे. कळ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. ओसरल्यावर चालत जा. पहिल्या दोन-चार वेळा फजिती होईल, तेवढ्यासाठी पॅड वापरा.

याच्या जोडीला तीन दिवसांची नोंद ठेवा. किती वाजता गेलात, साधारण किती मिली झाली, काय आणि किती प्यायलात, कधी निसटली. मापाचा एखादा जुना कप बाथरूममध्ये ठेवला की झालं. मूत्राशयात आरामात ३०० ते ५०० मिली मावते. नोंदीत दर वेळी शंभर-सव्वाशे दिसत असेल, तर तुम्ही पिशवी भरू न देताच जाताय. ‘बाहेर पडतेय तर जाऊन येते’ ही सवय त्याला कारण असते. सध्या दर तासाला जात असाल तर सव्वा तास करा, ते अंगवळणी पडलं की दीड तास, असं करत अडीच-तीन तासांपर्यंत न्या. याला किमान सहा आठवडे द्या.

निसटण्याच्या भीतीने पाणी तोडू नका. गडद, दाट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. उलट कुणीतरी सांगितलं म्हणून रोज चार लिटर पिणाऱ्या बायकाही माझ्याकडे येतात. त्यांचा अर्धा त्रास पाणी बेताचं केल्यावरच जातो. चहा-कॉफीतलं कॅफीन मात्र दोन आठवडे कमी करून फरक बघा. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी इलाज करा, कारण रोज कुंथणं म्हणजे सकाळी बांधलेलं संध्याकाळी पाडणं. शौचाला बसताना पायाखाली छोटा स्टूल घेतला की जोर कमी लागतो. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरवूनही फायदा होतो : २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ८ टक्के वजन घटवलेल्या बायकांमध्ये लघवी निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, वजन जवळपास तेवढंच राहिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला सुरू होतो. तुमचा खोकला तसा असेल तर गोळी बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. पाळी जाण्याच्या सुमारास योनीत कोरडेपणा आणि आग होत असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेन क्रीम कामी येतं, तेही डॉक्टरांनी दिलेलं.

बाजारात मिळणारी वजनं, शंकू, फोनला जोडायची उपकरणं याबद्दलही विचारलं आहेत. ज्यांना आकुंचन मुळीच सापडत नाही, त्यांना पडद्यावर दिसणारी रेषा किंवा हलका विद्युत प्रवाह सुरुवातीला मदत करतो. बाकीच्यांना त्याची गरज नसते. नीट शिकवलेल्या व्यायामाला यंत्राची जोड दिल्याने निकाल आणखी सुधारतो, असं मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही.

काही खुणा असतील तर मात्र व्यायाम नंतर, डॉक्टर आधी. लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप, लघवी तुंबणं, दिवसरात्र सतत थेंब गळत राहणं, विशेषतः ऑपरेशन किंवा अवघड बाळंतपणानंतर, योनीतून काहीतरी खाली उतरल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं. तहान आणि लघवी दोन्ही वाढली असेल तर साखर तपासा. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली असेल, पायांतली ताकद गेली असेल किंवा लघवी एकदम कळेनाशी झाली असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

आता ऑपरेशन. खोकल्या-शिंकेच्या त्रासावर ते प्रभावी आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. फक्त ते कळ येण्यावरचा उपाय नाही, त्यामुळे किल्लीची भानगड त्याने सुटेल असं धरून चालू नका. ते झाल्यावरही झोळी सांभाळावीच लागते. शिवाय व्यायामाच्या बाजूचा पुरावा चांगला भक्कम आहे : अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात खोकल्या-शिंकेने लघवी निसटणाऱ्या बायकांपैकी हा व्यायाम केलेल्यांत ५६ टक्के जणींनी ‘बरं झालं’ असं सांगितलं, न केलेल्यांत ६ टक्क्यांनी. तीन-चार महिने देखरेखीखाली नीट करूनही पुरेसा फरक नसेल तर शल्यविशारदांशी बोला. तोपर्यंत आधारासाठी योनीत बसवायची सिलिकॉनची रिंगही मिळते, धावणाऱ्या काही जणी ती फक्त व्यायामापुरती वापरतात.

म्हणून माझा सल्ला असा की स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. तपासणीत हातमोजा घालून एक किंवा दोन बोटांनी स्नायूची पकड पाहतात आणि ० ते ५ अशी श्रेणी देतात. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. दुखलं तर तेही निदानाच्या कामाचं असतं, सांगा. नको वाटलं तर मध्येच थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पोटावरून सोनोग्राफीनेही झोळी उचलली जाते की नाही ते पाहता येतं. जाताना तीन दिवसांची नोंद बरोबर न्या. आणि सवयीप्रमाणे निघताना लघवीला जाऊन येऊ नका : खोकायला लावून काय होतं ते बघायचं असतं, त्यासाठी पिशवीत थोडी लघवी असावी लागते.